नबोर सगळ्याला हो म्हणतो

पीचच्या शेडमध्ये फळं निवडण्यात कुकाचं अर्धं आयुष्य गेलं, मुकादमांशी भांडणंही झाली, पण आजच्याइतकी ती कधी तापली नव्हती. तिचा नवरा नबोर दवाखान्यातल्या पलंगावर टोपी छातीशी धरून बसला होता आणि डॉक्टर इंग्रजीत जे बोलेल त्याला मान डोलवत होता. "येस, डॉक्टर. येस, डॉक्टर."

नबोरला इंग्रजीचा गंध नाही, डॉक्टरला स्पॅनिशचा. व्हिडिओवरून बोलणाऱ्या दुभाष्याची चाकांवरची स्क्रीन बाहेर कोपऱ्यात उभी होती आणि कुणीतरी तिच्यावर स्वेटर वाळत घातल्यासारखा टाकला होता.

मायदेशी, मिचोआकानच्या ज्या खेड्यात नबोर वाढला, तिथे डॉक्टरला उलट विचारणं म्हणजे त्याचा अपमान. मान डोलवायची, आभार मानायचे आणि घरी यायचं. गेल्या वर्षी असाच डोलवून आला, पायाच्या जखमेला काय करायचं ते कुणालाच कळलं नाही, आणि साखरेनं अंगठा खाल्ला. आज म्हणून कुकानं कामावर खाडा केला होता.

डॉक्टरनं पेन काढलं आणि घोट्याच्या वर गोल रेघ मारली. नबोरनं मान डोलवली.

"अरे म्हाताऱ्या, काय म्हणाला तो?"

"पाय धुणार असेल. हळू बोल, डॉक्टर आहेत ते."

कुकाचं डोकं फिरलं. शेडमधल्या मोडक्या इंग्रजीत ती डॉक्टरवर कडाडली, "तू विचार. हा माणूस. पोटात बाळ?"

डॉक्टर हसला. ती हसली नाही. "विचार!"

त्यानं विचारलं, तुम्ही गरोदर आहात का?

"येस, डॉक्टर," नबोर अदबीनं म्हणाला. "थँक यू."

डॉक्टरचं हसू मावळलं. कुका बाहेर गेली, तो स्वेटर जमिनीवर फेकला आणि स्क्रीन ढकलत आत आणली. स्क्रीनवरच्या बाईनं स्पॅनिशमध्ये पहिलंच वाक्य सांगितलं ते पाय कापायचं. नबोर त्या रेघेकडे बघतच राहिला.

"दुसरा इलाज नाही का?" कुकानं विचारलं.

होता. तुंबलेली नस उघडून बघायची. पाय वाचेल किंवा नाही वाचणार. डॉक्टरचं म्हणणं, काल दोन्ही सांगितलं होतं आणि यांनी दोन्हीला हो म्हटलं होतं.

"दोन्हीला हो म्हणणाऱ्या माणसाला कळलंय, असं वाटलं तुम्हाला? बैल असता तर निदान मालकाला तरी विचारलं असतं! आणि तू रे? आता बोल. तुझा पाय आहे."

नबोर घाम पुसत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "नाही. कापू नका. आधी नस उघडा." आणि लगेच, "माफ करा, डॉक्टर."

"माफी कसली मागतोस, मेल्या!" कुकानं ओला बोळा घेतला आणि ती रेघ खसाखसा पुसायला लागली. शाई निघेना. तिला रडू फुटलं, तरी ती घासतच राहिली.

"हळू, म्हातारे," नबोर कळवळला. "दुखतंय."

स्क्रीनवरच्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. तेव्हा कुठे डॉक्टर खुर्ची ओढून बसला आणि त्यानं विचारलं, कुठे दुखतंय?