मान वर, नजर समोर

आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा पेसामिनो, ऑकलंडात दोन वर्षं राहून आले आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या सवाई बेटावर अकरा वर्षं शहाणे म्हणून मिरवले. तिथे काय केलं? गोदामात खोकी ढकलली. पण येताना एक करडा कोट आणला, आणि तो लुंगीवर चढवून गावातल्या पोरापोरींना नोकरीच्या मुलाखतीची तयारी शिकवायला बसले. कुणी मासा आणून द्यायचं, कुणी तारोचे कंद. आंधळ्या गाईत लंगडी गाय शहाणी! यातल्या किती जणांना नोकरी लागली, असं मी विचारलं की म्हणायचे, "तुला त्यातलं कळत नाही."

मग बोटीच्या तिकीट खिडकीवर जागा निघाली, आणि आमची फुआतिनो अर्ज करून आली. एकच पोर मला, बावीस वर्षांची. नोकरी लागली तर घरी राहणार, नाही तर आत्या तिला ऑकलंडला नेणार, हे ठरूनच गेलं होतं. मी रोज देवाची करुणा भाकत होते. आणि हे कोट घालून फणसाच्या झाडाखाली तिला चालवत होते.

"मान वर! नजर समोर! बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. हात पुढे कर आणि घट्ट धर. तुलाच का घ्यावं असं विचारलं तर काय सांगशील?"

"मी... मन लावून काम करीन, बाबा."

"छे! मीच सगळ्यांत सरस, असं ठणकावून सांग!"

मला राहवलं नाही. "अहो, समोर फोलासा बसणार आहेत. गावचे प्रमुख. त्यांच्यापुढे उभं राहून त्यांच्या डोळ्यांत बघायचं?"

"तिकडे असंच करतात."

"पण नोकरी इकडे आहे!"

"आई, बाबा तिकडे राहून आलेत," फुआतिनो म्हणाली. "त्यांना माहीत असेल ना." पोरीचा बापावर केवढा विश्वास!

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या ओट्यावर इतर मुली आणि त्यांच्या आयांबरोबर बसले होते. झडपा उघड्या होत्या, सगळं दिसत होतं. आमच्याकडे चालायला लागलेलं पोरसुद्धा बसलेल्या मोठ्या माणसासमोरून जाताना कमरेत वाकतं, माफी मागतं आणि पटकन खाली बसतं. बोलायचं ते बसून. माझी पोर ताठ चालत गेली. म्हाताऱ्या फोलासांच्या डोक्यावर उभी राहिली, हात पुढे केला आणि डोळे त्यांच्यावर रोखले. त्यांनी हात घेतला नाही.

"तुलाच का घ्यावं आम्ही?" त्यांच्या पुतण्यानं विचारलं. बोटी त्याच्याच.

"बाहेर बसलेल्या सगळ्या मुलींपेक्षा मी सरस आहे म्हणून."

ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं. अगं बाई गं! आमच्याकडे कौतुक करायला मावशी असते, काका असतो. स्वतःच्या तोंडानं कुणी करत नाही. शेजारची बाई हळूच माझ्यापासून सरकून बसली. आत फोलासा उठले आणि मागच्या दारानं निघून गेले.

घरी आल्यावर मी यांना सोडलं नाही. "लावलेत दिवे! पोरीची नोकरी घालवलीत, गावात माझं तोंड काळं केलंत." साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "तुझी बारीक विणीची चटई दे."

ती चटई विणायला मला चौदा महिने लागले होते, फुआतिनोच्या लग्नासाठी. आणि ती डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या दारात माफी मागायला बसतात ते कुणाचा खून पडला, कुणाचं डोकं फुटलं तर. हे मुलाखतीसाठी बसणार! मी मनसोक्त हसले त्यांना. मग पेटी उघडून चटई दिली.

पहाटे ते फोलासांच्या अंगणात चटईखाली मान घालून बसले. कोट घरीच राहिला होता. ऊन चढलं, येणारेजाणारे थबकून बघू लागले. मी आणि फुआतिनो कुंपणाशी उभ्या होतो. शेवटी म्हातारे बाहेर आले, त्यांनी स्वतः चटई उचलली आणि समोर बसले.

"पेसामिनो, माझा राग गेला. पण जागा कालच भरली रे. पोरीला हे कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि तुला? तिकडे किती मुलाखती दिल्यास?"

साहेबांची मान वर होईना. "एकही नाही. चुलतभावानं हाताला धरून गोदामात नेलं. शेजारच्या खोलीत मुलाखती चालायच्या, ते मी दारातून बघायचो."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एवढं घबाड हाती लागलं तर मी आयुष्यभर पुरवून वापरलं असतं. पण फुआतिनो कुंपणापासून निघाली, कमरेत वाकून अंगणातून गेली आणि बापाशेजारी जाऊन बसली.

पुढच्या महिन्यात ती ऑकलंडला निघाली. धक्क्यावर बोटीनं भोंगा दिला तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, तिथे पोचल्यावर सोमवारीच मुलाखत आहे. कशी देऊ?"

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "आईला विचार."

ती माझ्याकडे वळली. बावीस वर्षं माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही.