बाबांनी पुसलेली चार पानं

मिल बंद पडल्यावर बाबांनी मिळेल ती कामं केली. सत्तरी ओलांडली तेव्हा ते आपल्या आठवणी लिहायला बसले. आई-बाबांच्या नाहूरच्या घरात माझा जुना कॉम्प्युटर पडून होता. शेजारच्या डीटीपीवाल्याने त्यांना जुन्या पद्धतीचा मराठी कीबोर्ड शिकवला, म्हणून मी फॉन्टही तसलाच जुना टाकून दिला. एका बोटाने दिवसाला अर्धं पान व्हायचं. स्क्रीनवरच्या फाइलवर दोनदा क्लिक करायचं, लिहायचं, सेव्ह करायचं. एवढंच त्यांना येत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

एका दुपारी मी मरोळला ऑफिसात असताना त्यांचा फोन आला.

"बाय, माझ्या लिखाणाचा काय झाला गो? सगळा इंग्रजी दिसता."

"मीटिंगमध्ये आहे बाबा. काहीतरी दाबलं असेल तुम्ही. बंद करून परत चालू करा."

"दोनदा केलंय."

"मग रविवारी येते ना. तोवर हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य मी बोलले, की बोलायचं राहून गेलं, आता खात्रीने सांगता येत नाही.

रविवारी गेले तर बाबा खूश होते. म्हणाले, "थोडा साफ केलंय. इंटरनेटवरून कचरो इलो होतो."

मी फाइल उघडली. उघडली ती भलत्याच प्रोग्राममध्ये. सोसायटीची नोटीस वाचता यावी म्हणून आदल्या आठवड्यात मीच एक फुकटातला प्रोग्राम टाकला होता. नेक्स्ट, नेक्स्ट, ओके. त्यात कुठेतरी बारीक अक्षरांत टिकमार्क होता, आधीच केलेला: यापुढे असल्या सगळ्या फाइली यातच उघडा. मी वाचलंच नाही. आणि कॉम्प्युटरनेही ते मुकाट ऐकलं. या प्रोग्रामला बाबांचा फॉन्ट ओळखता येत नव्हता. तसल्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी अक्षराच्या पोटात एक इंग्रजी अक्षर असतं, ते उघडं पडलं. पानभर कॉमा, कंस, एस, के. बाबांचं लिखाण जागच्या जागी होतं, फक्त वाचता येत नव्हतं. तो कचरा समजून त्यांनी एकेक ओळ पुसली होती. चार पानं. आणि सेव्ह केलं होतं.

मी फाइल जुन्या प्रोग्राममध्ये उघडून फॉन्ट परत लावला. उरलेली पानं मराठीत आली. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.

"म्हणजे ता माझाच होता?"

मी ओरडलेच, "विचारायचं ना आधी!"

"फोन करून विचारलंय मा," ते शांतपणे म्हणाले.

तासभर मी बॅकअप शोधला. नव्हता, कारण तो मीच कधी लावला नव्हता. तो प्रोग्राम काढून टाकताना त्याने मलाच विचारलं, का काढताय, कारण निवडा. पाच कारणं होती, त्यातलं एकही माझं नव्हतं. बाबांच्या फाइलींचा ताबा घेताना मात्र त्याला कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. माऊस आपटला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बघून गेली.

पुसलेल्या पानांत आजी होती, बाबांनीच सांगितलं. ती एकदाच मुंबईला आली होती, बाबा राहत त्या गावच्या कामगारांच्या सामाईक खोलीत वीस पुरुषांत आठ दिवस राहिली होती. मी म्हटलं, "परत लिहा ना. मी टाइप करते, तुम्ही सांगा."

"नको गो. तेव्हा आठवला तसा लिहिलंय. आता सांगलंय तर रचून सांगतलंय."

सगळं पूर्ववत केलं, फाइल त्यांच्याकडून तीन वेळा उघडून घेतली. महिन्याभराने बघितलं, तर लिखाण पुढे सरकलं होतं, मिलमधल्या मागांच्या साचेखात्यापर्यंत. मधे मात्र त्यांनी एंटर दाबून दाबून चार कोरी पानं सोडली होती. मी त्या पानांना हात लावला नाही.