दादाच्या वाट्याचं जेवण

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा डबा माझ्यापुढे उघडा होता. नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, वालाचं बिरडं. टोकावड्याच्या शाळेत मी क्लार्क आहे, आणि त्याचं पंक्चरचं दुकान नाक्यावर, पाच मिनिटांच्या अंतरावर. फोन ठेवल्यावर मी धावत सुटलो नाही. आधी डबा धुतला... मग धावलो.

तीन वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांना मागोमाग साखर निघाली. वहिनीने मनावर घेतलं. पॉलिशचा तांदूळ, मैदा, तळण, मटण, सुकट सगळं बंद झालं. नाचणी, वरई, कुळीथ घरात आले, आणि सिद्धगडाकडच्या बाया पाटीतून आणतात त्या रानभाज्या. तिचे गुडघे हलके झाले, सुमीची, माझ्या पुतणीची, पोटदुखी थांबली. माझी चूल वेगळी. मला ती सांगून थकली, पण माझी दुपार ढाब्यावरच जायची. दादा तर मुळातला खवय्या. "गुरांच्या गव्हाणीत नि माझ्या ताटात फरक फक्त मिठाचा रे," म्हणायचा. एक दिवस त्याने आपला डबा माझ्या हातात दिला आणि माझी भजी-पावाची पुडी काढून घेतली. एकदाच, म्हणाला. मग ते रोजचंच झालं. माझी साखर उतरत गेली, त्याची चढत गेली. मीही वहिनीसारखंच पथ्य धरलंय असं सांगायचो. पथ्य एकच, पण धाकट्याला मानवलं, थोरल्याला नाय, असं गाव बोलायचं. दादा मला डोळा मारायचा. मी हसायचो. थांबवायला हवं हे मला कळत होतं, पण डबाही आवडायला लागला होता.

दहाव्याला आलेल्या बायका वहिनीच्या कानावर जाईल अशाच आवाजात म्हणाल्या, पालापाचोळा खाऊ घालून मारला नवऱ्याला. त्यांनीही हे वाचावं, म्हणून लिहितो आहे. वहिनीने नाचणीचं पीठ फळीवर मागे सारलं. दुकानातला पांढरा तांदूळ आला. सुमी वेफर्सवर जेवण भागवू लागली.

परवा रविवारी दुपारी मी वहिनीकडे गेलो होतो. एक वाजला असेल, ऊन लख्ख. मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. दोनदा. आत येण्याआधी दादा खाकरायचा तसंच. मी जाऊन दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं, दोरीवरचं फडकंही हलत नव्हतं.

वहिनी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "रोज येतात या टायमाला. माझ्या हातून उपाशी गेले ना..."

मग मला राहवलं नाही. पहिल्या पुडीपासून धुतलेल्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं. सुमी दारात उभी राहून ऐकत होती. वहिनी रडली नाही, तिने मला शिव्याही दिल्या नाहीत. उठली, फळीवरून नाचणीचं पीठ काढलं आणि भाकऱ्या थापायला बसली. दादा गेल्यापासून त्याचा पाट भिंतीला उभा टेकवलेला होता. हात धुऊन तिने तो आडवा मांडला.

"त्यांच्या वाट्याचं तीन वर्षं चोरून खाल्लंत, भावजी. आता माझ्यासमोर बसून खा." मग दाराकडे बघून म्हणाली, "सुमे, तुझंबी ताट घे गो."

मी बसलो. पाट गरम होता... नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा.