बोटं परत आली!

ऐरोलीत आमचं ठसे घेण्याचं सेंटर आहे. नवीन नोकरीआधी माणसाची पडताळणी होते, त्यासाठी बोटांचे ठसे लागतात. ते आम्ही घेतो आणि वर पाठवतो. ठसा धूसर असला की वरून नापास होऊन येतो. त्याला आम्ही 'बोटं परत आली' म्हणतो.

कॉम्प्युटर स्नेहा बघते. मी काच पुसतो आणि लोकांची बोटं धरून काचेवर टेकवतो. काच दिवसभर पुसली तरी संध्याकाळी तिच्यावर कुणाचं तरी काहीतरी राहिलेलं असतंच. किस्सेही तसेच साठतात.

*

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे रबाळ्याच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. इथे लागलो तेव्हा माझीही पडताळणी झाली, आणि माझीच बोटं परत आली!

मालक हसले. "काका, तुमचीच बोटं उठत नाहीत, तुम्ही दुसऱ्यांची काय धरणार?"

मी म्हणालो, "साहेब, लोखंडाला दिलीत. चोरीला नाही गेली."

उद्यापासून कामावर या, म्हणाले.

*

मंजुळाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. विमानतळावर साफसफाईची पक्की नोकरी लागलेली. घरातली पहिलीच पगाराची नोकरी. पण लहानपणापासून कोळंबी सोललेली. बर्फ, मीठ आणि काट्यांनी बोटं गुळगुळीत. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा परत आली तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी सांगितलं, "पंधरा दिवस कोळंबीला हात लावायचा नाही. रोज रात्री खोबरेल चोळायचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, कोलीन हाय मी! कोलंबीला नाय, मंग हात लावू कशाला?"

"कशालाच नाही," मी म्हणालो.

ती गेली. स्नेहा म्हणाली, "काका, जरा गोड बोलत जा हो."

मी काच पुसली.

*

गोड बोलण्यावरून आठवलं. एक आयटीवाला आला. हातांना घाम. पुसला की पुन्हा घाम. एसीखाली बसवला, पावडर लावली, तरी काच ओली.

मी विचारलं, "काही केलंयस का?"

"नाही हो काका, देवाशप्पथ!"

"मग घाम कसला?"

आता कपाळावरूनही धारा. स्नेहाने मला चहा आणायला पाठवलं. परत येतो तो दहाही बोटं खणखणीत उठलेली.

"बोटं चांगलीच होती, काका," स्नेहा म्हणाली. "तुम्ही समोर नको होतात!"

*

एक नवी नवरी आली, कोपरापर्यंत मेंदी. मशीनला रेषा कुठली आणि मेंदी कुठली ते कळेना. बोटं परत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तरी रंग तसाच. सोबत नवरा होता.

"अजून गडद आहे, मॅडम," स्नेहा म्हणाली.

नवरी नवऱ्याकडे वळली. "लग्नात सगळ्यांना दाखवत होतास ना, बघा रंग, बघा माझं प्रेम! आता माझ्या ऑफिसला तूच फोन कर!"

नवरा बिचारा फोन घेऊन बाहेर गेला.

*

मार्केटातला कांद्याच्या गोण्या उचलणारा एक गडी सिक्युरिटीत लागत होता. त्याचीही बोटं घासलेली. स्नेहाने क्रीम लिहून दिलं. आठवड्याने तो तणतणत आला.

"मॅडम, हातातून गोणी सटकते! वर गाळ्यावरचे विचारतात, लग्न ठरलं काय, वास कसला मारतोय?"

"मग क्रीम बंद केलंत?"

तो खाली बघून म्हणाला, "नाय. वास चांगला हाय."

*

पंधरा दिवस झाले. मंजुळाबाई आली. दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले, बरोबर सासू. म्हातारी ताठ. दारातच म्हणाली, "फडकी मी सोडीन. कोनी हात लावू नका!"

मी हात मागे घेतला. सेंटरात मला दम देणारी ही पहिलीच.

"पंदरा दिस हिला पान्यात बोट घालू दिलं नाय," म्हातारी फडकी सोडत म्हणाली. "भांडी मी घासली, कोलंबी मी सोलली. येनीपन मीच घातली."

मी मंजुळाबाईचं एकेक बोट टेकवलं. रेषा उठल्या. फिकट, पण उठल्या. वर पाठवल्या. या वेळी बोटं परत आली नाहीत.

नोकरीच्या पहिल्या दिवशी ती गळ्यात पास घालून दाखवायला आली. सासू मागे होतीच. म्हातारी सरळ खुर्चीवर बसली.

"आता माजी घे."

"आजी, तुम्हाला कुठे नोकरी लागली?" स्नेहाने विचारलं.

"नोकरी नको. सुनंची उगवली. माजी हायत का नाय, तेवडं बग."

मी तिची बोटं टेकवली. स्क्रीन पांढरा. पुन्हा टेकवली. पांढराच. मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला.

म्हातारीने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदम माझं मनगट धरलं आणि माझा पंजा काचेवर दाबला.

स्क्रीन पांढरा.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूपन कोलंबी सोलीत व्हतास का रं?"