बॉनेटवरचं छप्पर

बावीस वर्षं कंडक्टरकी केली, पण कुणाचं छप्पर उडवायची वेळ माझ्यावर एकदाच आली. पुठ्ठ्याचं होतं, पण म्हणून काय झालं!

आमच्या सकाळच्या सहाच्या गाडीला एक पोरगी असायची. आर्किटेक्चर शिकत होती. हॉस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून जायला दोन तास, यायला दोन तास. काखेत कायम पुठ्ठे, त्यामुळे अख्खी गाडी तिला पुठ्ठेवालीच म्हणायची. खिडकीशी बसून वहीत चित्रं काढायची. रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ. खड्डा यायच्या आत पेन्सिल वर! आमच्या ड्रायव्हरदादांना जे कधी जमलं नाही, ते हिला जमलं.

"डोळे जातील गं, बाई," मी खेकसायचे.

"मावशी, जरा हलू नका ना, तुमचंच काढतेय."

हलू नका म्हणे! मग तिकिटं कोण देणार, तुझे सर?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिने बसस्टँडचं मॉडेल केलं. महिनाभर खपली होती. बाहेरून परीक्षक येणार होते आणि यात गचकली तर वर्ष वाया. त्या दिवशी गाडीला ही गर्दी. हिच्या मांडीवर मॉडेल आणि शेजारचा गृहस्थ पेंगत पेंगत त्याच्यावर कलतोय. मला राहवलं नाही. "आण इकडे," म्हटलं आणि मॉडेल उचलून पुढे इंजिनाच्या बॉनेटवर ठेवलं. तिथे कुणाचा धक्का लागत नाही. माझा डबाही रोज तिथेच असतो, छान गरम राहतो.

गरम राहतो! एवढं ठाऊक असून मी अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे. मॉडेल चिकटवलं होतं ग्लूगनने, आणि तो गोंद उष्णतेने वितळतो. उतरताना तिने मॉडेल उचललं, तर छप्पर घसरून हातात आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ती किंचाळली आणि एका हातात स्टँड, दुसऱ्या हातात छप्पर घेऊन चालती झाली. त्या दिवशी माझा डबा न उघडता पिशवीतच राहिला.

संध्याकाळी परतीच्या गाडीला ती आली. छप्पर अजून वेगळंच.

"काय झालं? बोल बाई एकदाचं."

"पास झाले, मावशी! चिकटवायला वेळच नव्हता. मग परीक्षक सरांना थेट आतलं दिसलं. या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, हे काय?"

मी वाकून पाहिलं. बोटभर खोली, त्यात बाक, पाय वर घ्यायला स्टूल, खिडकीशी टेबल.

"कंडक्टरांची खोली. बसून जेवायला," ती म्हणाली. "सर म्हणाले, हे तुला कसं सुचलं? मी वही दाखवली."

वहीत पानोपानी मीच होते. दांड्याला टेकलेली, एका हातात डबा धरून उभ्याउभ्या जेवणारी. बावीस वर्षांत हे माझ्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. भरल्या गाडीत मला रडू कोसळलं.

"निघायचं का?" ड्रायव्हरदादा पुढून ओरडले.

"दहा मिनिटं आहेत अजून!" ती माझ्याआधी ओरडली आणि तिने मला धरून आपल्या खिडकीच्या जागेवर बसवलं. गार डबा उघडून मी बसून जेवले.