पर्समधली अंडी

पणजीच्या हॉटेलात नाश्ता करताना खिडकीतून मांडवीतली कॅसिनोची जहाजं दिसत होती. रात्री झगमगणारी ती जहाजं सकाळी पारोशी वाटत होती. तिथे रात्रभर हरून आलेले दोघे शेजारच्या टेबलावर मोठमोठ्याने हसत चहा पीत होते. मी मात्र पाठ वळवून, कागदी रुमालात गुंडाळलेली उकडलेली अंडी आणि पाव पर्समध्ये कोंबत होते. दुपारचं भागलं असतं.

तेवढ्यात पिकल्या मिशांचा वेटर पार्सलचा डबा घेऊन आला. "बाई, ह्यात घ्या. पर्समध्ये अंडी चेपतात," असं हळूच म्हणाला आणि वर दोन केळी ठेवून गेला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. नाश्त्याचे पैसे भरलेत म्हणून मला भांडता तरी आलं असतं. हरलेल्यांच्या माना ताठ होत्या. माझी मान एवढं मिळवूनही वर होईना.

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, पणजीत काय बघू, कुठे जेवू?" मी देवळं सांगितली, किनारे सांगितले, माशांची खानावळही सांगितली.

"आणि तुम्ही उतरला होतात ते हॉटेल?"

"नाव आठवत नाही गं," मी म्हणाले. समोर ओट्यावर त्याच डब्यात कोथिंबीर निवडून ठेवली होती.