शकूच्या प्रश्नाचं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही — शकूला तर नाहीच.

शकू माझी परभणीच्या कॉलेजातली मैत्रीण. गाव बोरी, हसणं वर्गाबाहेरही ऐकू जाणारं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्ही एका खोलीत राहायचो. त्या साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे, बंद. परीक्षा पुढं ढकललेली. रिकाम्या पोरींनी करायचं काय? सरांनी वादसभा ठरवली: पेशीत मोठं कोण — लिपिडं की ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर? जिंकेल ती उन्हाळ्यात महिनाभर हैदराबादच्या प्रयोगशाळेत शिकायला जाणार.

चिठ्ठ्या टाकल्या. शकूला लिपिडं आली — म्हणजे पेशीतली चरबी, कोलेस्टेरॉल वगैरे. मला दुसरे. डीएनएवर बसून, कुठल्या जनुकाची नक्कल कधी उतरवायची हे ठरवणारी प्रथिनं. थाट कसा साहेबी, नाही का? मी लय खूश!

ग्रंथालयात या विषयावर एकच नवं पुस्तक होतं. ते मी वाचलं आणि — हो, लपवलं. शेतीच्या जुन्या अहवालांमागं सरकवून ठेवलं. पण माझा गुन्हा तो नाही. म्हणजे, तोही आहे. खरा पुढं आहे.

शकूनं पुस्तकाशिवाय सभा गाजवली. पेशीचं आवरणच लिपिडांचं, ते नसतं तर हे साहेब काय उघड्यावर बसणार होते, असं तिनं विचारलं तेव्हा सर हसून हसून चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग ती माझ्याकडं वळली.

"तुझे साहेब आपोआप कामाला लागायलेत का गं? स्टेरॉइड हार्मोन कोलेस्टेरॉलपासूनच बनतंय ना? मंग ते चरबीचं लेकरू आवरणातून सरळ आत शिरून तुझ्या साहेबाला उठवत नसंल कशावरून?"

सगळे माझ्याकडं वळले. सर वनस्पतिशास्त्राचे, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं; तेही माझ्याकडंच बघायला लागले.

आणि मला उत्तर माहीत होतं. त्या पुस्तकात अख्खं पान होतं — हार्मोन आवरण ओलांडून आत जातं, एका प्रथिनाच्या खोबणीत बसतं, आणि तेच प्रथिन डीएनएला चिकटून जनुक चालू करतं. तिथं मोठं-लहान कुणी नव्हतंच. दोघं मिळून एकच काम करत होते. मी ते वाचलं होतं. शकूनं नुसत्या डोक्यानं शोधलं होतं.

मी काय केलं? हसले. म्हणाले, "असं काही नसतं. चरबीनं चरबीचं काम करावं."

टाळ्या पडल्या. हैदराबादला मी गेले. शकू चिवड्याचा डबा घेऊन स्टेशनवर सोडायला आली. "तू लय वाचतीस बाई, मी नुसती बडबडते," म्हणाली. रुसली नाही, काही नाही.

पुढं मी प्राध्यापक झाले. शकू मानवतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. हार्मोनचा तास मी दरवर्षी घ्यायचे, तेच सगळं फळ्यावर काढायचे. तरी तिला बोलले नाही. तिच्या रागाची भीती? ती रागावली असती पाच मिनिटं. मला भीती होती ती माझ्याहून हुशार आहे हे मोठ्यानं म्हणण्याची.

ती निवृत्त झाली तेव्हा सत्काराला गेले. भाषणात ती मुलांना म्हणाली, "वेडे प्रश्न विचारायला लाजू नका. मी तर भर सभेत विचारला होता, ह्या मॅडमनी मला गप केलं!" आणि तिनं प्रश्न पुन्हा जसाच्या तसा सांगितला. सगळे खळखळून हसले.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं माझ्याकडं बघत हात वर केला. "मॅडम, पण मग त्याचं उत्तर काय हाय?"

शकूही माझ्याकडं बघत होती, कौतुकानं.

मी म्हणाले, "आधी जेवून घेऊ." आणि पंगतीत शकूनं मला आग्रह करकरून दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. मी खाल्ल्या.